खिंडीवरील स्वारीची आणि धाकट्या सरकारांच्या धोंड्याची हकीकत

श्री. श्रीखिंडमाउली समर्थ. जिचे वाटेस लागताच थोरांचे गुडघे बोलू लागतात आणि लहानांची तोंडे थांबत नाहीत, त्या माउलीस दुरूनच नमस्कार करोन, आणि गुडघ्यांस तिळेल लावोन, ही हकीकत लिहावयास घेतली. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य दशमी, रविवार, ते दिवशीं एका राज्याची खासा स्वारी समुद्रकाठच्या डोंगरावर चालोन गेली. तिचा वृत्तांत जैसा घडला तैसा लिहिला आहे. पदरचे काही घातले नाही, कारण घालावयास लेखकाचे पदरीं त्या दिवशीं काही उरलेच नव्हते.

राज्य म्हणावे तर चौघांचे. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक मुदपाकखाना आणि वाळत घातलेल्या कपड्यांनी कायम वेढलेला एक सज्जा, इतकाच मुलूख. गादीवर श्रीमंत पुष्करराव, ज्यांस दरबारीं हुजूर म्हणतात. त्यांच्या राणी शाल्मली बाईसाहेब, ज्यांच्या शब्दावाचून या राज्यात कुकरची शिटीही वाजत नाही. पुत्र युवराज तन्मयराजे, वय वर्षे सात. आणि कन्या रेवाबाई, वय वर्षे चार आणि काही महिने, ज्यांस सर्व लोक धाकट्या सरकार म्हणतात, आणि खरा कारभार त्यांचेच हातीं आहे. लेखक हा बाईसाहेबांचा वडील बंधू, म्हणजे मुलांचा मामा. न लग्न, न पाश, न डोंगराची हौस. अशा माणसास स्वारीत नेण्याचे कारण पुढे येईल, आणि ते वाचोन वाचणाराने आमची कीव करावी.

पूर्वपीठिका ऐसी की, हुजूर आणि बाईसाहेब यांचा विवाह होण्यापूर्वी उभयता दर रविवारीं डोंगर चढत असत, आणि समुद्राकडील त्या खिंडीत उभे राहोन, समोर दर्या पाहात, त्यांनी विवाहाचा मनसुबा केला. मग युवराज जन्मले, मग धाकट्या सरकार जन्मल्या, आणि सात वर्षे बाईसाहेबांनी डोंगर म्हणोन जो पाहिला तो धुवावयाच्या कपड्यांचा. हुजूर मात्र अधूनमधून दोस्तांसमवेत जात, आणि न जाता आले तर नकाशे पसरोन बसत, आणि वर्षभरापासोन त्यांनी धोशा लाविला की, आता पोरे मोठी झाली, आता सहकुटुंब जावे, खिंडीतून मुलांस समुद्र दाखवावा. त्यावरून तीन स्वाऱ्या झाल्या. तिन्ही वेळां पाव वाट चढताच धाकट्या सरकारांनी दोन्ही हात वर करोन "उचल" हा एकच शब्द उच्चारावा, आणि हुजुरांनी त्यांस खांद्यावर घ्यावे, आणि मग हुजुरांचे पाठीवरील बोजा बाईसाहेबांचे पाठीवर यावा, आणि युवराजांनीही आपले पाय दुखतात ऐसे जाहीर करावे, आणि अर्ध्यावरून फौजेने माघारी फिरावे. घरीं येऊन हुजूर निवांत झोपत, आणि बाईसाहेब चिखलाचे कपडे, उरलेली पोळी आणि सांडलेले लोणचे यांचा बंदोबस्त करीत बसत. तिसऱ्या स्वारीनंतर बाईसाहेबांनी भांडे आपटले. ते भांडे अद्याप चेपलेले आहे, पाहावयाचे असेल त्याने येऊन पाहावे.

त्याउपरी उभयपक्षीं तह झाला. कलम ऐसे की, आणखी एक वार खिंडीवर स्वारी करावी. चढताना दोहोंपैकी कोणत्याही मुलास कोणीही कडेवर, खांद्यावर, पाठीवर अथवा हातांवर उचलो नये. उचलावे लागले तर हुजुरांनी धाकट्या सरकार दहा वर्षांच्या होईतोवर डोंगराचे नाव काढो नये, आणि दर रविवारीं दोन्ही मुलांस बागेत न्यावे, आणि बाईसाहेबांनी नऊ वाजेतोवर झोपावे. न उचलता सर्वजण खिंडीत पोहोंचले तर महिन्यातील एक रविवार डोंगराचा, आणि त्यावर बाईसाहेबांनी कुरकुर करो नये. शेवटचे कलम की, याचा साक्षीदार मामा, त्याचा शब्द उभयतांस मान्य, आणि बोजा त्यानेच वाहावा. हे शेवटचे कलम आम्हांस न विचारता घातले गेले. हुजुरांचा जीव त्या डोंगरांत अडकला होता हे आम्हीही जाणत होतो. कचेरीत सहा दिवस मान खाली घालोन बसणारा मनुष्य सातव्या दिवशीं मान वर करावयास जातो, त्यास ना कैसे म्हणावे. परंतु सात वर्षांत एकही रविवार पुरा न झोपलेल्या बहिणीकडे पाहावे तर तिचेही खरे. आमचे मन बहिणीकडे होते, आणि आमचे गुडघेही बहिणीकडे होते.

मग ठरल्या रविवारीं पहाटे सहास कूच करावे ऐसा हुकूम झाला, आणि फौज सव्वाआठास हलली. विलंबाचे कारण विचाराल तर युवराजांचा डावा बूट सापडेना, आणि तो सापडला तेव्हा त्यांनी उजवा काढोन ठेवला होता, आणि धाकट्या सरकारांस तांबडाच झगा पाहिजे होता, जो भिजत पडला होता, आणि हुजूर मात्र दाराशी उभे राहोन किल्ल्या वाजवीत "चला, चला" म्हणत होते, जैसे काही त्यांचे हात किल्ल्या वाजविण्याखेरीज दुसऱ्या कामास निर्माणच झाले नव्हते. बाईसाहेब पाचापासोन उठोन पोळ्या, बटाट्याची भाजी, तिखटमिठाच्या पुऱ्या, दोन मुलांचे दोन दोन जोड कपडे, औषधे, टोप्या आणि पाणी भरीत होत्या. मग गाडीत बसलो. घाटात युवराजांस उलटी झाली, ती नेमकी लेखकाचे मांडीवर. हुजूर म्हणाले की, होते असे, हवा छान आहे. हवा छान होती हे खरे, परंतु आमचे नाकापर्यंत ती पोहोंचत नव्हती.

अकराचे सुमारास पायथ्याशी पोहोंचलो. तेथे आंब्याखाली एक झोपडी, आणि तीत सरूआजी म्हणोन सत्तरीची बाई कोकम सरबत आणि काकड्या विकावयास बसते. तिच्या अंगणातून वाट सुरू होते, आणि अंगणाच्या कडेस धोंड्यांची रास आहे. हुजूर तो प्रघात पूर्वीपासोन जाणत होते, परंतु मुलांस आजीने आपल्या तोंडाने सांगावा ऐसी त्यांची हौस, आणि हौसेला मोल नाही म्हणतात ते पुढे कैसे खोटे ठरले ते ऐकावे. हुजुरांनी विनंती केली, तेव्हा सरूआजीने धाकट्या सरकारांस पुढ्यात उभे केले आणि सांगितले:

"पोरी, वर खिंडीत आई बसलीय. तिला हितला धोंडा न्यायचा. सगल्यांनी न्यायचा, ज्यानं त्यानं आपल्या हातानं. वाटंत भुईला टेकवायचा नाय. टेकवला की परत हितं यायचं नि दुसरा न्यायचा. आमची मानसं अशीच नेतात."

धाकट्या सरकारांनी हे एक अक्षर न सांडता ऐकिले. या मुलीस "हात धू" म्हणोन सात वेळां सांगावे लागते, परंतु परक्या बाईने सांगितलेला नियम तिच्या डोक्यात जो जातो तो शिलालेख होतो. मग त्यांनी नारळाएवढा धोंडा उचलोन पाहिला, तो हलेना, म्हणोन मोठ्या बटाट्याएवढा एक पांढऱ्या रेघेचा घेतला आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरला. युवराजांनी शेंगदाण्याएवढा खडा निवडोन मुठीत ठेवला, आणि आपण केवढे चतुर हे सर्वांस सांगितले. बाईसाहेबांनी लिंबाएवढा घेतला. हुजुरांनी राजास शोभेसा, पेरूहून थोडा मोठा घेतला. लेखकाचे पाठीवर एक बोजा, पोटावर दुसरा आणि दोन्ही हातांत पाण्याची दोन भांडी, सबब लेखकाने धोंडा घेतला नाही, आणि त्या समयीं कोणी विचारिलेही नाही.

मग चढ सुरू झाला. शंभर पावले गेलो नाही तोच धाकट्या सरकारांस लघुशंका लागली, आणि धोंडा भुईला टेकवायचा नाही, कोणाच्या हातीं द्यायचा नाही, म्हणोन त्या तो पोटाशी धरोनच बसल्या आणि बाईसाहेबांनी त्यांस मागून तोलोन धरिले. मग युवराजांनी विचारिले की किती राहिले. हुजूर म्हणाले, हे काय, आलेच. मग युवराजांनी एका काठीची तलवार करोन वाटेवरील सर्व वाळलेल्या गवताची कत्तल आरंभिली, आणि त्या धामधुमीत शेंगदाण्याएवढा खडा दोन वेळां गहाळ झाल्याचा संशय आला, परंतु त्यांनी मूठ उघडोन दाखविली, तीत खडा होता. तो तोच होता की काय, हे एक खिंडमाउली जाणे. मग पुन्हा विचारिले की किती राहिले. हुजूर म्हणाले, पाच मिनिटे. ऐसी पाच मिनिटे लेखकाने मोजली तर ती अकरा वेळां झाली. मग धाकट्या सरकार एका मुंग्यांच्या रांगेशी थांबल्या, आणि ती रांग संपेतोवर हलणार नाही म्हणाल्या, आणि ती रांग काही संपेना. हुजूर पुढे जाऊन "चला, चला" म्हणत, आणि मागे येऊन "चला, चला" म्हणत, येणेप्रमाणे त्यांची चाल इतरांच्या दुप्पट झाली, आणि फौजेची निम्मी. बाईसाहेब काही बोलत नव्हत्या. त्या बोलत नसल्या म्हणजे शहाण्या माणसाने आकाशाकडे पाहात चालावे.

एक वाजता मधल्या पठारावर आलो. तेथे जेवणे झाली. धाकट्या सरकारांचे हात धोंड्यात गुंतलेले, म्हणोन बाईसाहेबांनी त्यांस घास भरविले आणि स्वतः उभ्यानेच खाल्ले. जेवणे होऊन निघालो तो पठाराचे कडेस दोन झाडांमधून समुद्राची निळी रेघ दिसली, आणि हुजुरांस भरते आले. हुजूर म्हणाले, सगळे तेथेच उभे राहा, पहिला समुद्र आहे, तसबीर काढितो. आणि तसबिरीस दोन हात लागतात, म्हणोन त्यांनी आपला पेरूहून मोठा धोंडा शेजारच्या खडकावर ठेवला, आणि एकामागोन एक अकरा तसबिरी काढिल्या. वर्षभर ज्यांनी नियम सांगितले, स्वारी आखली, आजीकडोन प्रघात वदविला, त्याच पुरुषाने तो मोडावा, यास काय म्हणावे. अकरावी तसबीर काढोन ते वळले, तो धाकट्या सरकार त्या खडकाकडे पाहात उभ्या होत्या.

"बाबा, तू टेकवलास," धाकट्या सरकार म्हणाल्या.

हुजुरांनी धोंडा चटकन उचलला आणि हसोन म्हणाले की, खडकावर ठेवला, भुईवर नव्हे. त्यावर युवराज मध्ये पडले आणि म्हणाले की, खडक भुईतूनच वर येतो, शाळेत शिकविले आहे. आपल्याच पोराने ऐसा घात केला. हुजूर म्हणाले, बरे, येथूनच दुसरा घेतो. धाकट्या सरकार म्हणाल्या, आजी म्हणाली खालचा. हुजूर म्हणाले, आजी काय, गंमत करीत होती.  धाकट्या सरकार वाटेच्या मधोमध बसल्या, मांडीवर धोंडा घेतला, आणि बाबा नवा धोंडा आणावयास खाली जाईतोवर आपण येथोन हलणार नाही ऐसे त्यांच्या बसण्यावरून सर्वांस उमजले. रडल्या असत्या तर परवडले असते. रडणाऱ्या मुलास काही तरी दाखविता येते. हुजुरांनी दोन बिस्किटे दाखविली, ती नाकारली गेली. खिंडीतून जहाज दिसते म्हणाले, त्यावर मान फिरविली गेली. शेवटीं हुजूर म्हणाले की, मग आम्ही पुढे जातो, तू राहा एकटी. त्यावर धाकट्या सरकार म्हणाल्या, "जा." इतका निर्वाणीचा जबाब लेखकाने थोरांच्याही तोंडून ऐकिला नाही.

मग हुजुरांनी बाईसाहेबांकडे पाहिले. बाईसाहेब काकडीस मीठ लावोन खात होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "उचल आणि ने तिला. कोण अडवतंय?" आणि तेथे हुजुरांचे लक्षात आले की आपण कोठे सापडलो. उचलावे तर तह मोडतो आणि डोंगर सहा वर्षे जातात. न उचलावे तर ती हलत नाही. आणि ती चुकीची आहे ऐसेही म्हणता येत नाही, कारण टेकवला हे अकरा तसबिरींवरून शाबीत होत होते. तेव्हा हुजुरांनी टोपी काढिली, घाम पुसला, टोपी घातली, आणि ज्या वाटेने दोन तास पोरांस हाकीत आले होते तीच वाट उतरू लागले. ते वळणाआड जाईतोवर धाकट्या सरकार पाहात राहिल्या. मग उठोन झगा झाडला आणि म्हणाल्या, चला.

पुढील वाटेचे आश्चर्य सांगतो. "चला, चला" म्हणणारे मागे राहिले, आणि फौज चालू लागली. किती राहिले हे युवराजांनी पुन्हा विचारिले नाही, कारण आलेच ऐसे खोटे सांगणारा कोणी उरला नव्हता. बाईसाहेब पुढे झाल्या. वाट दोहोंकडे फुटली तेथे त्या क्षणभरही थांबल्या नाहीत, डावीकडे वळल्या, आणि जुन्या घराचा जिना अंधारातही पायांस ठाऊक असावा तैशा चढत गेल्या. एके ठिकाणी करवंदीची जाळी होती, ती ओलांडताना त्यांनी पदर नसताही पदर खोचल्यासारखा हात केला आणि आपल्याशीच हसल्या. युवराजांस कारवीची झुडपे दाखविली, की ही सात वर्षांनी एकदा फुलतात, तू जन्मलास त्या वर्षी फुलली होती. यास प्रमाण आम्हांपाशी नाही, आणि युवराजांस त्याची गरज वाटली नाही. धाकट्या सरकार दर वीस पावलांवर थांबत, धोंडा या हाताकडोन त्या हाताकडे रेटीत, आणि पुन्हा चालत. त्यांचे गाल तांबडे झाले, केस कपाळास चिकटले, परंतु उचल हा शब्द आला नाही. लेखकाचे मनात आले की, ऐसी ही चालते, तर मागील तिन्ही वेळां आमच्या बहिणीने ओझी का वाहिली. या विचाराने आम्हांस फार संताप आला, आणि तो करावा कोणावर हे कळेना, कारण करावयाचा तो मनुष्य डोंगराखाली होता.

हत्ती गेला आणि शेपूट राहिले, तैसे शेवटची पन्नास पावले राहिली. खिंडीचा वारा लागू लागला होता. तेथे धाकट्या सरकार थांबल्या. धोंडा पोटाशी होता, म्हणोन हात वर करिता येईनात, नुसती मान वर केली आणि म्हणाल्या, "आई, उचल."

हे ऐकताच लेखकाने पाण्याचे भांडे खाली ठेविले आणि घड्याळ पाहिले, की साक्षीत वेळ लिहिता यावी. दोन वाजोन चाळीस मिनिटे. आमचे मनास गारवा आला. आता बाईसाहेब उचलतील, तह मोडेल, रविवार सुटतील, बहीण नऊपर्यंत झोपेल, आणि आम्हांस पुन्हा या वाटेस पाय लावणे नाही. हुजूर येथे नाहीत, वाद घालावयास कोणी नाही, साक्षीदार आपला. बाईसाहेबांनी दोन्ही हात पुढे केलेही. आणि मग ते हात तैसेच मागे घेतले, आणि त्या मुलीशेजारी वाटेवरच बसल्या. म्हणाल्या, मीपण दमले, आपण दोघी बसू. लेखकास राहवले नाही. लेखक बोलला की, वेडी आहेस काय, उचल तिला, तुझेच रविवार आहेत. तेव्हा बाईसाहेब खालच्या आवाजात म्हणाल्या:

"मला झोप हवीय रे, दादा. खूप हवीय. पण एवढा धोंडा तिने इथवर आणला. आता मी तिला उचलून नेली, तर तो कोणी आणला म्हणायचा?"

लेखकाने पाण्याचे दुसरे भांडेही खाली ठेविले. मग सर्वजण तेथे बसलो. कोणी कोणास चल म्हणाले नाही. युवराजांनी आपली मूठ उघडली, मिटली. पाव घटका गेली असेल, अर्धी गेली असेल. मग धाकट्या सरकार आपणहोन उठल्या, बाईसाहेबांकडे वळोन म्हणाल्या की, आई, तुझे झाले का दमणे. बाईसाहेब म्हणाल्या, झाले. मग त्या पुढे, आणि आम्ही मागे, ऐसे खिंडीत गेलो.

खिंडीत माउलीचे देऊळ नाही, मूर्त नाही, नुसती धोंड्यांची मोठी रास आहे, जीत किती पिढ्यांचे धोंडे असतील ते सांगवत नाही. धाकट्या सरकारांनी आपला धोंडा तीन जागीं ठेवोन पाहिला आणि चौथी जागा पसंत केली. युवराजांनी आपला खडा ठेवला, तो ठेवताक्षणीं कोणता तो ओळखेना, त्याचे त्यांस फार दुःख झाले. बाईसाहेबांनी लिंबाएवढा ठेवला, आणि मग वर मान करोन समोर पाहिले. खाली नारळीपोफळी, पलीकडे वाळू, आणि तेथोन आभाळापर्यंत समुद्र. समुद्र आपल्या जागीच होता, सात वर्षे त्याचे काही अडले नव्हते. बाईसाहेब उभ्या राहिल्या त्या बराच वेळ हलल्या नाहीत, आणि डोळे पुसले तेव्हा वाऱ्यास दोष दिला. लेखकास बहिणीचे वाईट वाटले आणि बरेही वाटले.

मग सव्वातास गेला, आणि हुजूर आले. तांबडेलाल मुख, सदरा ओला, एका बुटाचा बंद सुटलेला, कारण तो बांधावयासही दोन हात लागतात. आणि नवा धोंडा त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरिला होता, हुबेहूब मुलीसारखा. धाकट्या सरकार पुढे झाल्या आणि तपास आरंभिला. खालचाच आहे का. हो. टेकवलास का. नाही. मग पाणी कैसे प्यालास. हुजूर म्हणाले, आजीने पाजले, त्यानंतर प्यालो नाही. धाकट्या सरकारांनी धोंडा फिरवोन पाहिला, आणि ठेव म्हणाल्या. हुजुरांनी ठेवला, आणि मग बसोन पाण्याचे भांडे रिते केले. आणि बोलले ते काय, तर बाईसाहेबांकडे पाहोन म्हणाले, "बघितलंस? चालली की नाही? मी सांगतच होतो." लेखकाचे मस्तकांत तिडीक गेली. पन्नास पावलांखाली काय घडले ते सांगावयास आम्ही तोंड उघडले, तो बाईसाहेबांनी आमचे दंडास ऐसा चिमटा घेतला की तोंड मिटले. बाईसाहेब म्हणाल्या, हो, चालली. आणि हुजुरांचा सुटलेला बंद बांधो लागल्या. जे सांगो दिले नाही ते येथे लिहिले आहे. हुजूर वाचोत की न वाचोत.

आता उतरावयाचे म्हणोन लेखकाने दोन्ही बोजे चढविले, तो धाकट्या सरकार समोर येऊन उभ्या राहिल्या. लेखकाचे हातांकडे पाहिले, राशीकडे पाहिले, पुन्हा हातांकडे पाहिले.

"मामा, तुझा धोंडा कुठाय?"

लेखकाने पुष्कळ अर्ज केले. हात गुंतले होते. दोन बोजे होते. साक्षीदारास धोंडा लागू नाही. परंतु आजी सगळ्यांनी म्हणाली होती, आणि ज्या मुलीने जन्मदात्या पित्यास सोडिले नाही ती मामास काय सोडते. ती वाटेच्या मधोमध बसो लागली, गुडघे वाकलेसुद्धा. हुजूर हसावयास लागले, इतके की त्यांस उचकी लागली. तेव्हा बाईसाहेब पुढे झाल्या आणि त्यांनी मुलीस समजाविले की, आज आता उशीर झाला, सरूआजी घरीं जाईल. "पुढच्या रविवारी मामा आणेल. आपण सगळे येऊ त्याच्याबरोबर," ऐसे म्हणाल्या. हे ऐकोन हुजुरांची उचकी जागीच थांबली. तहात महिन्यास एक रविवार होता, आणि दुसरा बाईसाहेबांनी आपल्या तोंडाने दिला. हुजुरांनी त्यांच्याकडे पाहिले, आणि लेखकाचे पाठीवरील मोठा बोजा काढोन आपल्या पाठीवर घेतला. सात वर्षांत त्यांनी केलेली शहाणपणाची ऐसी ही एकच गोष्ट लेखकाने पाहिली.

मग फौज उतरो लागली. तीन पावले झाली असतील नसतील, धाकट्या सरकारांचे दोन्ही हात मोकळे होते, ते त्यांनी वर केले आणि म्हणाल्या, उचल. तहात चढण्याचेच कलम होते, उतरण्याविषयी कोणी चकार शब्द लिहिला नव्हता. तेव्हा हुजुरांनी पाठीवरचा बोजा पोटावर घेतला आणि मुलीस पाठीवर, आणि ती दहाव्या पावलास झोपली. युवराजांचेही पाय तेवढ्यात दुखो लागले, ते कोणाचे पाठीवर आले हे सांगणे नलगे.

येणेप्रमाणे स्वारी झाली. सारांश: मुले न उचलता खिंडीत पोहोंचली, तह हुजुरांनी जिंकला ऐसे हुजूर समजतात, आणि समजोत. बाईसाहेबांची झोप अद्याप बाकी आहे. या स्वारीत कसूर ठरली ती एकट्या साक्षीदाराची. लेखक रोज सकाळसंध्याकाळ गुडघ्यांस तेल लावीत आहे. काल निरोप आला की, मामाचा धोंडा केवढा असावा हे धाकट्या सरकार पायथ्याशी स्वतः निवडोन देतील.